घरची परिस्थिती

१२ जानेवारी

धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली निकालाची प्रत मिळाली. मोठ्या हौसेने उघडली आणि मग चष्मा पुसून पुन्हा बघितली. आपली सरकार आणि गणितात जेमतेम पास? गणिताच्या मास्तरची लेक? लहानपणी ती बापाच्याच फळ्यावर बापाचीच चूक दाखवायची, म्हणून तर त्यांनी तिला ‘सरकार’ म्हणायला सुरुवात केली होती. आणि हजेरी बघितलीस का? निम्मे दिवस बाईसाहेब शाळेतच नाहीत. काय चाललंय तुमच्याकडे?

तू विचारलंयस, विद्यापीठात भूगर्भशास्त्राला तिचा नंबर लागेल का. नुसत्या गुणांवर म्हणशील तर नाही लागणार. खोटी आशा कशाला दाखवू? पण आता आम्ही नुसते गुण बघत नाही. मागच्या वर्षीपासून अर्जाला एक जास्तीचं पान जोडलंय, ‘घरची परिस्थिती’. शाळा कशी होती, आईवडील किती शिकलेत, शिकता शिकता कुठे काम करावं लागलं का, घरात कुणाला सांभाळावं लागलं का. घरी दोन-दोन मास्तर येऊन मिळालेले नव्वद आणि दुकानात माल मोजता मोजता मिळालेले पंच्याहत्तर एकाच तराजूत कसे टाकायचे, हा आमचा प्रश्न. ते पान वाचणाऱ्या समितीत मी आहे. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकी उघडत नाही, प्रिंटर तापला की सगळ्यांचं डोकं दुखतं, आणि एकेका पोरासाठी आम्ही भाजीबाजारात भांडावं तसे भांडतो. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा वाटतंय, काहीतरी धड करतोय.

सरकारचा अर्ज आला की मी खोलीबाहेर जाईन, हे आमच्या प्रमुख बाईंना आत्ताच सांगून ठेवलंय. नात्यातलं माणूस म्हटल्यावर तो नियमच आहे.

सरांची पाठ कशी आहे? सगळं गाव तुझ्या नवऱ्याला सर म्हणतं, तिथे मी काय वेगळं म्हणणार! कण्याच्या दुखण्यापायी नोकरी सोडावी लागली, हे अजून मनाला पटत नाही. माझा नमस्कार सांग.

तुझी,
ताई

२४ जानेवारी

ताई,

नमस्कार. पहिलं म्हणजे, यापुढे पत्र घरी पाठवू नकोस, दुकानाच्या पत्त्यावर पाठव. फोनही नको. आमचं घर केवढंसं, इकडचं तिकडे सगळं ऐकू जातं, आणि ह्यांना आवाजाचा त्रास होतो. दुकानात मालक सकाळी चहाला गेला की मी काउंटरवर एकटी असते. आत्ताही फ्रेमांच्या ट्रेवर कागद ठेवून लिहितेय. एक आजोबा वाचायचा चष्मा घालून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ करतायत. नजर काही सुधारायची नाही, पण पाठांतर छान आहे.

सरकारचं विशेष काही नाही. घरातली कामं वाढली, तिला थोडी मदत करावी लागते. पोरी या वयात अशाच असतात. ह्यांची पाठ आहे तशीच आहे. बसून असतात.

त्या पानावर नक्की काय काय लिहावं लागतं? आणि लिहिलं नाही तर चालतं का?

तुझी,
धाकटी

२ फेब्रुवारी

धाकटे,

तू जेव्हा ‘विशेष काही नाही’ लिहितेस तेव्हा काहीतरी विशेष असतं, हे मला तू परकर घालत होतीस तेव्हापासून माहीत आहे. खरं सांग, पोरीचं कुठे काही जुळलंय का? की दिवसभर मोबाइल? मदत आम्हीही केली आईला. म्हणून कुणी निम्मं वर्ष शाळा बुडवत नाही. तू फार लाड करतेस, आणि सर तर तिच्या शब्दाबाहेर नाहीत.

पान रिकामं ठेवलं तर चालतं. मग फक्त गुण बघतात, म्हणजे तिच्या बाबतीत दार बंद. आणि लिहायचं तर पुरावा लागतो. पहिल्या वर्षी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला आणि चांगलेच तोंडावर पडलो. एका पठ्ठ्याने अर्जात आजीला मारली, आणि तीच आजी त्याला मुलाखतीला सोडायला आली! आमच्या हॉलमध्ये बसून माझ्याकडे पाणी मागितलं तिने. म्हणून यंदा मीच नियम लिहिला. आजारपणाचं कारण असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि त्यामुळेच हजेरी बुडाली असं मुख्याध्यापकांनी त्यावर लिहून सही करायची. दोन्ही हवं.

मार्चअखेर मुदत आहे. काय ते लवकर कळव.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

मोबाइल नाही. मुलगाही नाही. असता तर मी त्याला हार घातला असता.

ह्यांच्या पाठीला काही झालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी वर्गात गणित सोडवताना हे फळ्याकडे तोंड करून उभे राहिले ते वळलेच नाहीत. हातात खडू तसाच. मुलांना आधी गंमत वाटली, मग कुणी हसेना. घंटा झाली, मुलं गेली, हे उभेच. शिपाई घरी सोडून गेला. त्याला वाटलं उसण भरली. मी म्हटलं, हो, उसणच. तिथून ती पाठ सुरू झाली. मग मणका, मग गादी सरकली, एकेक करत मी सगळं ते दुखणं पाठ करून टाकलं. आता कुणी विचारलं की न अडखळता सांगते.

शेजारच्या शहरातले डॉक्टर म्हणतात, डिप्रेशन. गोळ्या चालू आहेत. कधी महिनाभर बरे असतात, भाजी निवडतात. कधी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. पहिल्याच वर्षी एकदा सरकार शाळेतून लवकर घरी आली म्हणून... ते मी लिहीत नाही. लवकर आली एवढंच आमचं नशीब. त्या दिवसापासून त्यांना घरात एकटं ठेवत नाही. सकाळी मी दुकानात, ती घरी. दुपारी मी पळत घरी, ती शाळेत, उरलेल्या तासांना. ही तिची हजेरी.

मी तिला सांगितलं नव्हतं, राहा म्हणून. तीच राहायला लागली. मी नको म्हटलं नाही, एवढं माझं.

सही देणारा मुख्याध्यापक कोण आहे माहितीये? ह्यांचा विद्यार्थी. ह्यांनी मार देऊन, मारातून वाचवून मोठा केलेला. आणि त्याच्या ऑफिसातला क्लार्क म्हणजे गावाचा लाऊडस्पीकर. ज्या शाळेत हे ताठ मानेने चालले तिथे तो कागद फिरवू? ते होणार नाही, ताई.

तुला शपथ आहे. तुला हे माहीत आहे, हे ह्यांना कळू देऊ नकोस.

धाकटी

१७ फेब्रुवारी

माझे धाकटे,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि पाणी प्यायला म्हणून उठले ती जिन्यात जाऊन बसले. दोन वर्षं! आणि मी दर खेपेला ‘पाठीला शेक द्या’ म्हणून सल्ले देत होते. तू ऐकून घेत होतीस. सरकारला मी काय काय बोलले, ते तिला कळू देऊ नकोस.

आता शांतपणे ऐक. हे पान अशाच मुलांसाठी आहे. त्या पोरीने शाळा बुडवली नाही, घर उचलून धरलं. तेवढं करून पास झाली, हे आमच्या खोलीत कुणी वाचलं तर तिच्यासाठी टेबलावर हात आपटून भांडेल. आजार आहे, ताप येतो तसा. त्यात लाज कसली? पान तिघांच्या पलीकडे कुणी वाचत नाही, कपाटाला कुलूप असतं. क्लार्कने चार दिवस तोंड वाजवलं तर वाजवू दे. चार दिवसांच्या बोलण्यापायी पोरीचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात अडकवणार आहेस का?

रागावू नकोस. पण शेजारणीला काय वाटेल यावर तिचं शिक्षण ठरवायचा तुला हक्क नाही.

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

चष्म्याच्या दुकानातूनच लिहितेय. इथे आयुष्यं अडकतात हे मला आज कळलं.

तीन अनोळखी माणसं टेबलाभोवती बसून माझा नवरा वाचणार. चहाचे कप असतील. मग ठरवणार, हा माणूस किती गुणांचा. बापाला टीबी असेल तर इतके, दारू पीत असेल तर तितके, भिंतीकडे बघत असेल तर किती? तू म्हणतेस हा न्याय आहे. असेलही. पण न्याय हवा असेल तर आधी अंगावरचे कपडे काढून दाखवा, असा कसा हा न्याय? ज्यांच्या घरी सगळं ठीक आहे त्यांना कुणी काही दाखवायला सांगत नाही.

आणि मुख्याध्यापकाची सही हवी, हा नियम कुणी केला म्हणालीस?

तुला वाटतं मी अडवतेय. मी तिला तुझं पत्र वाचायला दिलं होतं, सगळं, टोमण्यांसकट. ती म्हणाली, “त्या पानावर पहिल्या रकान्यात काय छापलंय बघितलंस? ‘अडचणींचे स्वरूप’. बाबा माझी अडचण नाहीत.” अर्ज तिने भरलाय, ते पान कोरं ठेवून. आता हा विषय बंद.

धाकटी

५ मार्च

धाकटे,

नियम मी केला. खोट्या आज्या बंद करायला केला आणि खरी माणसं दाराबाहेर राहिली, हे मला दिसलं नव्हतं. तुझं पत्र वाचून दिसलं.

सोमवारी समितीत मांडलं की डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुरे, शाळेची सही नको. लहान गावात अशी सही म्हणजे दवंडीच असते. सगळे माना डोलवत होते. मग प्रमुख बाईंनी शांतपणे विचारलं, “तुमच्या भाचीच्या अर्जाशी याचा काही संबंध आहे का?” मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही. त्या म्हणाल्या, “मग या वर्षी हा बदल करता येणार नाही. लोक काय म्हणतील?” आणि मला यंदापुरतं समितीतून बाहेर ठेवलंय. त्यांचंही चूक नाही, हेच जास्त लागतं. मी गप्प बसले असते आणि दुसऱ्या कुणी हे मांडलं असतं, तर कदाचित झालंही असतं.

मी आता काहीच करू शकत नाही. तू म्हणशील तसं.

ताई

६ मार्च

सर,

नमस्कार. हे पत्र धाकटीला न विचारता, तिची शपथ मोडून, तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. मला सगळं माहीत आहे. कुणी सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नका. मीच खोदून काढलं.

तुमच्या लेकीने अर्जातलं एक पान कोरं ठेवलं आहे. त्या पानावर खरं लिहिलं तर तिला जागा मिळायची शक्यता आहे. त्याला डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि त्यावर शाळेची सही लागते. ती तुम्हाला विचारणार नाही आणि तिची आई तिला विचारू देणार नाही. दोघी तुम्हाला जपतायत. तुमच्याबद्दलची गोष्ट तुम्हालाच न विचारता तिघींनी मिळून ठरवावी, हे मला बरोबर वाटलं नाही. म्हणून लिहिलं. तुम्ही हे फाडून टाकलंत तरी मी काही म्हणणार नाही.

तुमची थोरली मेहुणी

२० मार्च

मावशी,

हे पत्र आईला न सांगता लिहितेय. आपल्या घरात सध्या सगळेच एकमेकांना न सांगता पत्रं लिहितात.

परवा सकाळी आई दुकानात गेल्यावर मी स्वयंपाकघरात होते. बाबा बाहेर आले, दाढी करून. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी घाबरले. आधी जाऊन ब्लेड जागेवर आहे ना ते बघून आले. ते म्हणाले, “सरकार, चप्पल घाल. शाळेत जायचंय.”

“मला आज सुट्टी आहे, बाबा.”

“तुला नाही. मला जायचंय.”

त्यांचे बूट इतके कडक झाले होते की पाय आत जाईना. मग माझ्यासारखीच चप्पल घालून निघाले. माझा दंड धरला होता. कोपऱ्यावरचे औषधवाले काका ओरडले, “अरे वा, सर! पाठ बरी झाली वाटतं?” बाबा थांबले आणि म्हणाले, “पाठीला काही झालंच नव्हतं.” काका मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, सर पूर्वीसारखी गंमत करतायत.

ऑफिसात मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले. “सर! बसा, बसा.” बाबा म्हणाले, “नको. बसलो तर उठेन की नाही, सांगता येत नाही. उभ्यानेच सांगतो. मला डिप्रेशन आहे. दोन वर्षं घरी आहे तो त्याने. माझी मुलगी शाळेत आली नाही ती मला राखत होती म्हणून. हे डॉक्टरांचं प्रमाणपत्र, यावर तेवढं लिही आणि सही कर.”

क्लार्क शिक्का मारत होता तो थांबला. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. हळूच म्हणाले, “सर, मी काहीही लिहून देतो. पण हे कशाला? पाठीचं दुखणं असंच लिहू या ना. तेही चालेल. कुणी विचारणार नाही.”

बाबा म्हणाले, “तुला मी चुकीच्या उत्तराला कधी गुण दिले होते का?”

मुख्याध्यापकांनी लिहिलं. लिहिताना मान वर केली नाही. सही करून कागद दोन्ही हातांनी दिला.

परत येताना बँकेच्या पायऱ्यांपाशी बाबांचे पाय चालेनासे झाले. तिथेच बसले, मी शेजारी बसले. मधली सुट्टी झाली, मुलं बाहेर आली, काहींनी “नमस्कार सर” म्हटलं. बाबा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. कुणीतरी दुकानात जाऊन आईला सांगितलं असणार. ती हातात कुणाच्या तरी चष्म्याची फ्रेम तशीच घेऊन धावत आली. एका बाजूने तिने धरलं, एका बाजूने मी. घरी आल्यावर त्यांच्या खिशात तिला तुझं पत्र सापडलं. तिने फक्त अक्षर बघितलं आणि म्हणाली, “ताईने माझं घर उघड्यावर टाकलं.”

तेव्हापासून बाबा पलंगावरून उठलेले नाहीत. जेवत नाहीत, गोळ्या कशाबशा घेतात. आई म्हणते, तू यापुढे दुकानातही पत्र पाठवू नकोस. मी मात्र अर्ज पाठवला, त्या कागदासकट. मला तो जोडायचा नव्हता. पण नसता जोडला तर त्यांचं तिथपर्यंत जाणं फुकट गेलं असतं. मावशी, मला तुझा राग आलाय, आणि तू ते पत्र लिहिलं नसतंस तर बाबा आपल्या तोंडाने ते कधीच बोलले नसते, हेही मला कळतं. दोन्ही एकदम कसं ठेवायचं ते कळत नाही.

सरकार

२ एप्रिल

धाकटे,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवते आहे. मला वाटलं होतं, मी त्यांना माणूस म्हणून विचारतेय. आता वाटतं, मी माझ्या त्या पानासाठी एक खरा दाखला शोधत होते. कोणतं खरं, मलाच माहीत नाही. सर कसे आहेत, एवढं एका ओळीत कळव.

ताई

१९ मे

धाकटे,

उत्तर नाही, हेच उत्तर आहे, कळतंय. सरकारला प्रवेश मिळाल्याची यादी आज दारावर लागली. मी यादी लावणाऱ्या माणसाच्या मागे उभी होते. रडू आलं, पण कुणाला सांगू? तुझ्या आधी मला आनंद व्हायचा हक्क आहे की नाही, तेही कळेना.

ताई

२१ जुलै

ताई,

सरकार गेली. तिला वसतिगृहात पोचवून मी त्याच दिवशी परत आले. तुझ्या ऑफिसच्या इमारतीसमोरून रिक्षा गेली. मी मुद्दाम दुसरीकडे बघत बसले.

मी तुला माफ केलेलं नाही. पण आता लिहायला दुसरं कुणी नाही.

गावाला सगळं कळलं. क्लार्कने चार दिवस नाही, चांगला महिनाभर तोंड वाजवलं. एका बाईने दुकानात मला विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटत एका घरात राहायला?” तिच्या चष्म्याच्या काचा मी जरा जास्तच घट्ट बसवल्या. पण औषधवाला रोज संध्याकाळी गोळ्या स्वतः घरी आणून देतो, त्या दिवशी हसल्याची त्याला फार लाज वाटते. मुख्याध्यापक दर रविवारी येतो. हे खोलीतून बाहेर येत नाहीत, मग तो माझ्यासमोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि जातो. मला पूर्वी वाटायचं, लोकांना कळलं तर मी मरून जाईन. मेले नाही. थकले मात्र फार.

हे एप्रिलअखेर पलंगावरून उठले. हल्ली थोडं जेवतात. सकाळी आता शेजारची आजी येऊन बसते, पण तिला ऐकू येत नाही आणि मध्येच ती घोरते. मी दुकानात असते, पण जीव तिकडे. परवा डाव्या डोळ्याची काच उजव्याला बसवली.

आणि हे रोज एकच विचारतात. “सरकारला जागा माझ्यामुळे मिळाली का गं?” मी काय सांगू? हो म्हटलं तर त्यांना वाटेल, आपल्या आजाराची भीक मिळाली. नाही म्हटलं तर ते शाळेत गेले कशाला? मी म्हणते, जेवून घ्या.

तू त्यांना कागदावर वाचलंस. आता ये आणि त्यांच्याजवळ बस. महिनाभर तरी. मला झोपायचं आहे.

धाकटी

९ ऑगस्ट

मावशी,

तू आईकडे जाते आहेस, हे तिने कळवलं. एकाच आवारात असून तुला भेटायला अजून पाय वळत नाहीत, म्हणून लिहितेय. जाण्याआधी एवढं वाचून जा.

इथे वर्गात पहिल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, “तू गुणांवर आलीस की पानावर?” इथे त्याला नुसतं ‘पान’च म्हणतात. मी म्हटलं, माहीत नाही. मग मीच ऑफिसात जाऊन विचारलं. स्वतःचा निकाल स्वतःला बघता येतो म्हणाले. पानाशिवाय माझा नंबर लागला नसता. वाचणाऱ्यांपैकी एकाने खाली शेरा लिहिलाय, ‘वडील स्वतः सही घ्यायला गेले, असे मुख्याध्यापक नमूद करतात.’ एवढंच. म्हणजे मुख्याध्यापकांनी आपणहून एक ओळ जास्तीची लिहिली होती. मी तो कागद नीट वाचलाही नव्हता.

आणि हो, पुढच्या वर्षीपासून शाळेची सही लागणार नाही, असं बाहेर लावलंय. तुला समितीत परत घेतलं का?

त्या मुलीला मी जाऊन सांगितलं, “पानावर.” ती म्हणाली, “मीपण.” आता आम्ही एका बाकावर बसतो. पण तिच्या पानावर काय आहे ते मी विचारलं नाही, तिने माझं विचारलं नाही.

बाबांनी विचारलं तर खरं सांग. मी फोनवर सांगायला गेले आणि वसतिगृहातल्या जेवणाबद्दल बोलून फोन ठेवला.

सरकार

४ सप्टेंबर

सरकार,

हे तुमच्याच घरातून लिहिते आहे, तुझ्या टेबलावर बसून. समितीत मला परत घेतलेलं नाही आणि मीही विचारलं नाही. सही काढून टाकली, ते माझ्याशिवाय झालं. बरं झालं.

आल्यावर पहिले काही दिवस तुझी आई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. “गोळी दिलीस?” “दिली.” “खिडकी?” “उघडली.” मी सरांच्या खोलीत खुर्ची टाकून बसते. आधी मी फार बोलायचे. मग कळलं, माझं बोलणं त्यांना पेलत नाही. आता गप्प बसते. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि हे तू दोन वर्षं रोज केलंस! आमच्या टेबलावर मी असे किती कागद पाच-पाच मिनिटांत वाचून बाजूला ठेवलेत, ते आता आठवतात.

काल सकाळी त्यांनी विचारलंच. भिंतीकडे तोंड होतं. “सरकारला जागा माझ्यामुळे मिळाली का?”

मी म्हटलं, “हो.”

त्यांनी भिंतीवर बोटाने आकडे मांडल्यासारखं केलं. मग म्हणाले, “तिचे गुण गेले ते माझ्यामुळे. जागा मिळाली ती माझ्यामुळे. एवढे गेले, तेवढे आले. बेरीज शून्य.”

मी आयुष्यभर गुणांच्या बेरजा केल्या, पण त्यांच्याशी गणितात कोण बोलणार? दारात तुझी आई उभी होती, दुकानात जायला निघालेली, खांद्याला पिशवी. ती तिथूनच म्हणाली, “शून्य कसं? शून्य असती तर पोरगी इथे बसली असती. ती तिकडे दगड फोडतेय.”

सर तिच्याकडे वळले. आपणहून वळले. म्हणाले, “दगड फोडत नाहीत गं भूगर्भशास्त्रात.”

“मग काय करतात?”

“वाचतात.”

आणि सांगायला लागले, दगडाच्या थरांवरून काय काय कळतं ते. मध्येच अडकत होते, शब्द सापडत नव्हते, तिसऱ्या वाक्याला थकलेच. पुन्हा भिंतीकडे वळले, आणि आज सकाळपासून तसेच आहेत. म्हणजे बरे झाले असं समजू नकोस. मी तुला यापुढे गोड करून काही सांगणार नाही.

पण काल तुझी आई दुकानात गेली नाही. पिशवी खाली ठेवली, आत आली आणि माझ्या खांद्याला धक्का देऊन म्हणाली, “सरक जरा, ताई. मला पण बसू दे.”

मावशी